नाताळच्या सिनेमात शोकाला २४ डिसेंबरची मुदत नको

श्रद्धा, शोक आणि कुटुंब अशा नाताळच्या सिनेमाची गोष्ट बहुतेकदा ठरलेली असते. घरातलं माणूस गेलेलं, उरलेल्यांपैकी एकाने देवाशी अबोला धरलेला. नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये मेणबत्त्या लागतात, रुसलेला माणूस उशिरा आत येतो आणि सगळं मिटतं. पटकथा घसरते ती इथेच. अबोला सुटतो तेव्हा दुःख संपलेलं नसतं. दोन्ही एकाच प्रसंगात उरकलं की ज्याच्या घरचं कुणी खरोखर गेलंय, त्या प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं.

रचनेसाठी आगमनकाळाची चौकट आयती मिळते. नाताळच्या आधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त. पानाला एक मिनिट हा ढोबळ हिशेब धरला तर दीड तासाचा सिनेमा म्हणजे नव्वदेक पानं. ती चार रविवारांत सारखी वाटू नका. पहिला दहा पानांत आटपा आणि तिसऱ्याला सर्वांत जास्त जागा द्या. तिसरा रविवार आनंदाचा. बऱ्याच चर्चमध्ये त्या दिवशी जांभळ्याऐवजी गुलाबी मेणबत्ती लावतात. ज्याच्या घरात शोक आहे त्याला आनंद करायला सांगणारा हा दिवस, म्हणून घरातलं सर्वांत मोठं भांडण इथेच शोभतं. शेवटची दहा पानं २५ तारखेनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवा. चर्चच्या दिनदर्शिकेत नाताळचा काळ त्या दिवशी संपत नाही, सुरू होतो.

गेलेल्या माणसाचा फोटो आणि रिकामी खुर्ची वापरून वापरून गुळगुळीत झाली आहेत. त्यापेक्षा त्या माणसाकडे घरातलं कोणतं काम होतं ते ठरवा. समजा, सजावटीचं खोकं दरवर्षी तोच बांधून ठेवायचा. यंदा ते उघडलं की झाकणावर त्याचं अक्षर दिसतं. दिव्यांची माळ पुठ्ठ्याच्या तुकड्याला आठ-आठ वेढे देऊन गुंडाळलेली, बंद पडलेल्या बल्बपाशी चिकटपट्टीची खूण. माळ सोडवली तर ती गुंडाळी कायमची जाणार. हात तिथे अडतो, आणि संवादाची गरज उरत नाही. एकत्र येणंही असंच कामातून दाखवावं. सगळ्यांनी मिळून मारलेल्या मिठीपेक्षा न बोलणाऱ्या दोघांना एकच माळ दोन टोकांनी धरायला लावा.

लहान मुलांच्या बाबतीत लेखक हमखास चुकतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मरण कायमचं असतं हे पुरतं उमगलेलं नसतं. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, आणि रडून झाल्यावर दहा मिनिटांत खेळही सुरू होतो. त्याच्या तोंडी शहाणपणाची वाक्यं घालू नका. मोठ्यांपैकी कुणी ‘बाबा झोपलेत’ म्हणालं, तर पुढच्या प्रसंगात मूल झोपायला घाबरलं पाहिजे. ‘देवाने नेलं’ म्हणालं, तर देव आता कुणाला नेणार ही धास्ती दिसली पाहिजे.

श्रद्धेचा भाग प्रवचनावर सोपवला की सिनेमा बसतो. पाळकांचं बोलणं पाऊण मिनिटाच्या आत ठेवा, आणि कॅमेरा ऐकणाऱ्यावर. बायबलमधला आधार शोधायचा तर लूकच्या शुभवर्तमानात येशूजन्माची बातमी ऐकणाऱ्या मेंढपाळांपाशी थांबू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्तजन्माला लागूनच बेथलेहेममधल्या बालकांची हत्या आहे, मुलांसाठी रडणारी आणि सांत्वन नाकारणारी राहेल आहे. योहानाच्या अकराव्या अध्यायात मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत करायला निघालेला येशूसुद्धा आधी रडतो. शोक म्हणजे अविश्वास नव्हे हे सांगायला एवढं पुरे, वेगळा चमत्कार लागत नाही. प्रार्थना लिहिताना ती अडखळू द्या, अर्ध्यावर तुटू द्या. उत्तर लगेच आलं तर प्रार्थनेचं वजनच जातं.

चित्रीकरणात सर्वांत जास्त छळतात त्या मेणबत्त्या. प्रसंग उलटसुलट क्रमाने चित्रित होतात, पण चौथ्या रविवारी पहिली मेणबत्ती सर्वांत आखूड दिसलीच पाहिजे. एकाच मापाच्या भरपूर आणा, आधीच वेगवेगळ्या उंचीपर्यंत जाळून प्रत्येकीच्या बुडाला आठवड्याचा आकडा लिहा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो नारिंगी, जास्त तितका निळसर. ज्योतीचा रंग १९०० केल्विनच्या आसपास असतो. शेजारी दिवसाच्या उजेडाचा ५६०० केल्विनचा दिवा लावलात तर एक तर ज्योत भडक नारिंगी दिसेल, नाहीतर चेहरे निळे पडतील.

गाण्यांच्या हक्कांचं पटकथेच्या वेळीच बघून घ्या. ‘सायलेंट नाइट’ १८१८ साली ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फला पहिल्यांदा गायलं गेलं. मूळ जर्मन शब्द आणि चाल हक्कांपासून मुक्त आहेत. पण नवा अनुवाद, नवी संगीतरचना आणि तयार ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. त्यामुळे कलाकारांकडूनच सेटवर गाऊन घेणं स्वस्त पडतं, आणि या गोष्टीला तो किंचित बेसूर आवाज जास्त मानवतो.