टाळ टोचतात की टोचत नाहीत? मिक्सिंगसाठी हेडफोन घेतानाचा माझा अनुभव

आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या भजनी मंडळाचे अभंग मी घरीच रेकॉर्ड करतो आणि रीपर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करतो, म्हणजे गळा, पेटी, तबला, टाळ यांचे आवाज एकमेकांशी जुळवतो. नोकरी ऐरोलीला, त्यामुळे हा सगळा उद्योग रात्री जेवणं उरकल्यावर. स्पीकर लावायची सोय नाही. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ आहे, आणि खोली इतकी लहान की स्पीकरचा बेस भिंतींवर आपटून एखादा सूर फुगवतो, तर दुसरा गिळून टाकतो. म्हणजे मिक्स हेडफोनवरच करायचं. शिवाय रविवारी दुपारी निवांत गाणं ऐकायलाही तोच हेडफोन हवा, कारण दोन घेण्याइतका खिसा नाही.

वाचायला बसलो की पहिला सल्ला मिळतो तो 'फ्लॅट' हेडफोन घ्या असा, म्हणजे कुठलाही सूर न फुगवणारा, न दाबणारा. अगदी सपाट हेडफोन कुणीच बनवत नाही, त्यामुळे त्या सल्ल्याचा मला फारसा उपयोग झाला नाही. उपयोगी पडला तो एक उलटा हिशोब: हेडफोन जे वाढवून सांगतो, ते तुमच्या मिक्समधून कमी होतं. अभंगात हे लगेच कळतं. आठ-नऊ हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक किणकिणत्या आवाजांच्या पट्टीत, चढा असलेल्या हेडफोनवर टाळ कानाला टोचतात. मग आपण टाळाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढतो, गायकाचे 'स' आणि 'च' कापतो, आणि सकाळी तेच गाडीत लावलं की टाळकरी जणू पंढरपूरला पोचलेले. बेस फुगवणाऱ्या हेडफोनवर डग्गा दणकट वाटतो म्हणून आपण तो पातळ करून ठेवतो. ऐकण्यासाठी घेतलेल्या हेडफोनने थोडी खुशामत केली तर बिघडत नाही, पण मिक्सिंगमध्ये तिची किंमत ऐकणारे मोजतात.

हे डोक्यात ठेवून फिरलो. मॉलमधल्या दुकानांत बहुतेक ब्लूटूथचाच माल. त्यावर ऐकायला मजा येते, पण मिक्सिंगला ते चालत नाही. आवाज पोचायला उशीर होतो, वाटेत तो आवळला जातो, आणि नॉइज कॅन्सलिंग चालू केलं की आतली चिप स्वतःच्या मनाने आवाज घडवते. तेव्हा वायरचाच, हे ठरलं. मग ठाण्याहून दादर, दादरहून वेस्टर्नने ग्रँट रोड, आणि तिथून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड.

एका दुकानातल्या पोराने हेडफोन फोनला जोडून धडधडणारं कसलंतरी गाणं लावलं आणि म्हणाला, "दादा, बेस बघा कसला आहे!" बेस होता खरा. पण फोनला जोडून हेडफोन पारखण्यात एक गोम आहे. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्सचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३८ ओहम, सोनी एमडीआर-७५०६ चा ६३, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, आणि सेनहायझर एचडी ६०० चा ३००. ओहम जास्त म्हणजे तेवढाच आवाज काढायला साधारणपणे व्होल्टेज जास्त लागतं. फोन तेवढं देत नाही. त्यामुळे त्याच व्हॉल्यूमवर कमी ओहमवाला जोरात वाजतो आणि ३०० ओहमवाला मेंगळट. आणि दोन आवाजांतला जरा मोठा असतो तो माणसाच्या कानाला चांगला वाटतोच. मी घरचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडायची डबी) आणि लॅपटॉप पिशवीत घालून नेला होता. दरवेळी आधी नुसत्या बोलण्याची एक क्लिप लावून अंदाजाने आवाज सारखा करायचो, मगच तुलना. दुकानदाराच्या चेहऱ्यावर आठ्या पडल्या, पण हे केलं नसतं तर सगळ्यात कर्कश डबा घरी आला असता.

तपासायला काय लावायचं, हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. लोक आवडतं गाणं लावतात. पण ते गाणं स्टुडिओत मुळात कसं वाजत होतं हे आपल्याला कुठे माहीत असतं? कुणीतरी कुठल्यातरी स्पीकरवर ते घडवलं, आणि आपण आपल्या जुन्या इअरफोनवर ऐकलेलं रूप खरं मानून बसलो. मी मंडळाचं कच्चं रेकॉर्डिंग नेलं, काहीही न कापलेलं. तो तबला, ती पेटी आणि ते टाळ मी त्या खोलीत बसून ऐकले होते. माइकचा स्वतःचा रंग त्यात असतो हे मान्य, पण तो सगळ्या हेडफोनांना सारखाच.

एका रविवारी मंडळात तबला वाजवणारे काकाही बरोबर आले. कोपरीत माझ्या एका मित्राचा छोटा स्टुडिओ आहे, तिथे यातले बरेच हेडफोन एकाच ठिकाणी मिळाले. काकांना ओहम-बिहम काही सांगितलं नाही, नुसता हेडफोन डोक्यावर चढवला. एका बंद, म्हणजे मागून झाकलेल्या, हेडफोनवर त्यांनी चार आवर्तनं ऐकली आणि काढून ठेवला. "अरे, हा माझा डग्गा नाही. ढोल-ताशा पथक आहे." सोनीवर म्हणाले, "शब्द काय स्वच्छ आहेत रे! पण किनार जरा जास्तच टणटणते." खरंच, ७५०६ वर गायकाचा प्रत्येक श्वास, पेटीच्या भात्याची कुरकुर, माइकला लागलेला कुर्त्याचा धक्का, सगळं दिसतं. हा हेडफोन १९९१ पासून बाजारात आहे आणि जगभरच्या रेकॉर्डिंगवाल्यांच्या गळ्यात दिसतो. चुका शोधायला त्याच्यासारखा नाही. तासभर अभंग ऐकायला मात्र मला तो थकवणारा वाटला.

एचडी ६०० डोक्यावर गेल्यावर काका बराच वेळ बोललेच नाहीत. मग डोळे मिटूनच एका हाताने धा-गे-ना-ती धरायला लागले. "चाट आणि मैदान वेगळं ऐकू येतंय," म्हणाले, म्हणजे तबल्याच्या पुडीची कड आणि तिच्या आतला भाग. हा हेडफोन १९९७ चा, मागून उघडा, आणि माणसाचा गळा जिथे असतो त्या मधल्या पट्टीत मला याच्याइतका सरळ बोलणारा दुसरा कुठला वाटला नाही. अगदी तळाचा बेस मात्र त्यात कमी पडतो. सिनेमातल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांना तिथे चटका बसतो, अभंगाला बसत नाही.

चष्मेवाल्यांनी एक गोष्ट करून बघावी. मी एम५०एक्स चष्मा लावून ऐकला, मग चष्मा काढून. डग्ग्याची घीस (तळहात घासून काढलेला घुमारा) चष्म्याबरोबर येत-जात होती! बंद हेडफोनचा बेस पॅड कानाभोवती किती घट्ट बसतो यावर टिकतो, आणि चष्म्याची काडी तिथे बारीकशी फट ठेवते. केस मोकळे सोडले तरी तेच होतं. डीटी ७७० चे मखमली पॅड काडीला जरा सामावून घेतात, पण एप्रिलमधल्या ठाण्यात कानावर मखमल हा प्रकार ज्याने त्याने ठरवावा. रेक्झिनसारख्या पॅडांचं दुखणं वेगळं, आपल्या दमट हवेत त्यांचे काळे पापुद्रे सुटून कानाला चिकटतात. म्हणून सुटे पॅड मिळतात का, हे आधी विचारून घ्या.

उघडा घ्यायचा की बंद, हे शेवटी घराने ठरवलं. उघड्या हेडफोनमधून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. गाताना गायकाला तो देता येत नाही, त्यातला ठेका माइकमध्ये शिरतो. पोखरण रोडवरचे हॉर्न, वरच्यांचं मिक्सर, आमचा खडखडणारा पंखा, सगळं गाण्यात मिसळतं. पण माझं काम रात्री साडेदहानंतरचं, तेव्हा रस्ता बराच निवतो. बायकोला विचारलं, "बाजूला झोपलेली असताना तुला त्रास होईल का?" ती म्हणाली, "हळू लाव, म्हणजे अभंगाने झोप तरी लागेल." रेकॉर्डिंगच्या वेळी गायकाला द्यायला घरात एक जुना स्वस्त बंद हेडफोन होताच. तेव्हा बजेट ताणलं आणि एचडी ६०० घेतला, पक्क्या बिलासह अधिकृत विक्रेत्याकडून. लोकप्रिय मॉडेलांचे हुबेहूब नकली डबे बाजारात फिरतात, त्यामुळे भाव फारच खाली दिसला की मी पुढे सरकायचो.

३०० ओहमसाठी वेगळा अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) लागेल अशी भीती सगळे घालतात. माझ्या इंटरफेसवर नॉब बराच फिरवावा लागतो, पण मिक्सिंगला लागतो तेवढा आवाज मिळतो. फोनला थेट लावून मात्र काही मजा नाही.

काम करताना दोन गोष्टींची सवय करावी लागली. हेडफोनवर डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो, स्पीकरसारखा थोडा उजव्या कानात झिरपत नाही. त्यामुळे पेटी जराशी डावीकडे सरकवली तरी ती थेट खांद्यावर येऊन बसते. दोन्ही बाजू किंचित मिसळायची क्रॉसफीडची कल्पना बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्येच मांडली होती, आता तिचे फुकट प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) मिळतात. मी पॅनिंग करताना, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवताना, तेवढ्यापुरतं चालू करतो. दुसरं म्हणजे आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं की हळू ऐकताना कानाला बेस इतर आवाजांपेक्षा जास्त दबलेला जाणवतो. म्हणून रात्री हळू ऐकत वाढवलेला डग्गा सकाळी मोठ्याने ढब्ब वाजायचा. आता इंटरफेसच्या नॉबवर पेनाने खूण केली आहे आणि तिथेच मिक्स करतो. खूण मुद्दाम खाली आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला फार तर ४० तास असा आहे, आणि अर्धा आठवडा तर ऐरोलीच्या ऑफिसात हेडसेट लावूनच जातो.

रविवारची दुपार कशी जाते? जुनी नाट्यगीतं यावर छान वाजतात, पण त्या ध्वनिमुद्रिकांची खरखरही तितकीच छान वाजते. बायको म्हणते, जुना इअरफोनच बरा होता. मित्राने मात्र परवा हेडफोन दोन दिवसांसाठी मागितला, अजून परत आलेला नाही.