इनबॉक्स नावाची एक फाइल

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या, कार्यालयातील संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील सगळा पत्रव्यवहार थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामवर चालतो आणि तोही पॉप पद्धतीने, कारण त्यांच्या होस्टिंगमध्ये प्रत्येक मेलबॉक्सला मिळणारी जागा तुटपुंजी आहे. आलेला मेल संगणकावर उतरवून घ्यायचा, सर्व्हरवर चौदा दिवस राहू द्यायचा आणि मग तेथून काढून टाकायचा, अशी व्यवस्था आहे. त्यामुळे मार्केटिंग विभागातील एका संगणकावर कित्येक वर्षांच्या ऑर्डरी, ड्रॉइंग आणि तक्रारी साठल्या होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत सर्व्हरवर नव्हती.

त्या दिवशी सकाळी तेथील वयस्कर लिपिक, ज्यांना सारे कार्यालय काका म्हणते, त्यांचा फोन आला. "साहेब, आज सकाळी आलेले मेल तेवढे दिसतात, बाकी इनबॉक्स रिकामा आहे." दुपारी एका ग्राहकाबरोबर नाकारलेल्या लॉटविषयी बैठक होती, त्यामुळे मॅनेजरसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले होते. मी काकांना थंडरबर्ड बंद करायला, कोणतेही बटण न दाबायला आणि विशेषतः "फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे का" असा प्रश्न आलाच तर नकार द्यायला सांगितले व गाडी काढली.

थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, पण मेल साठवण्याची त्याची नेहमीची पद्धत त्याहून कितीतरी जुनी, थेट युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या काळातली आहे. एका फोल्डरमधील सगळे मेल एकाखाली एक, साध्या मजकुराच्या एकाच फाइलमध्ये लिहिले जातात. फाइलचे नाव नुसते इनबॉक्स, त्याला पुढे कोणतेही एक्स्टेन्शन नाही, आणि शेजारी .एमएसएफ अशा शेपटीची दुसरी फाइल असते, ती केवळ अनुक्रमणिका. थंडरबर्ड आपले मेल व सेटिंग ज्यात ठेवतो ते प्रोफाइलचे फोल्डर उघडताच उलगडा झाला. काही गिगाबाइटची असायला हवी होती ती इनबॉक्स फाइल काही किलोबाइटची, आणि तीही त्याच सकाळी तयार झालेली. मूळ फाइल कोणीतरी उचलून नेली होती, आणि जागा रिकामी दिसल्यावर थंडरबर्डने मुकाट्याने नवी करून घेतली होती.

उचलून नेणारा अँटिव्हायरस होता. आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका पुरवठादाराने तो सगळ्या संगणकांवर बसवला होता. जुन्या कुठल्यातरी मेलला जोडलेल्या झिप फाइलमध्ये त्याला विषाणू सापडला, आणि त्याच्या लेखी सगळा इनबॉक्स ही एकच फाइल असल्यामुळे किडक्या दाण्यापायी त्याने अख्खे पोतेच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडून ठेवण्याच्या जागेत, टाकले. तेथून ती फाइल मी आधी वेगळ्या डिस्कवर परत घेतली, तिची प्रत काढली आणि मगच, सकाळचे मेल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून, ती मूळ जागी ठेवली. जुनी .एमएसएफ फाइल काढून टाकून थंडरबर्ड सुरू केले. अनुक्रमणिका नव्याने तयार व्हायला बराच वेळ लागला, पण यादी भरत गेली तसा काकांचा जीव भांड्यात पडला.

मॅनेजरसाहेबांचा मात्र पडला नाही. ज्या मेलमध्ये ग्राहकाने ओतीव भागाच्या भिंतीच्या जाडीसाठी डेव्हिएशन, म्हणजे ड्रॉइंगमधील मापापासून फरक, मंजूर केले होते, तो यादीत नव्हता. आणि असे काही मंजूर केलेच नाही, असे ग्राहकाचे क्वालिटीवाले म्हणत होते. काकांनी थोड्या संकोचाने सांगितले की मध्यंतरी इनबॉक्स आवरताना बरेच मेल त्यांनी काढून टाकले होते आणि ट्रॅशही रिकामा केला होता.

येथे काकांची एक सवय उपयोगी पडली. थंडरबर्डमध्ये मेल काढून टाकला तरी तो फाइलमधून लगेच पुसला जात नाही. त्याच्या शीर्षभागातील एक्स-मोझिला-स्टेटस या ओळीत फक्त खूण होते आणि तो यादीतून नाहीसा होतो. खरी सफाई कॉम्पॅक्ट करताना होते. तसा प्रश्न आला की न समजणाऱ्या गोष्टीला हो म्हणायचे नाही, या नियमाने काका दर वेळी नकार देत आले होते. एरवी मी त्यांना त्यावरून बोललो असतो.

फाइलची प्रत माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर घेऊन मी ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने ड्रॉइंग क्रमांक शोधला. जोडलेल्या फाइली सांकेतिक अक्षरांत लिहिलेल्या असतात, त्यांत असा शोध लागत नाही. पण सुदैवाने क्रमांक मेलच्या विषयातच होता. मेल सापडला आणि त्याच्या स्टेटसच्या ओळीत ०००९ असा आकडा होता. नऊ म्हणजे एक अधिक आठ: त्यातला एक म्हणजे वाचलेला, आठ म्हणजे काढून टाकलेला. दोन मेलांच्या मधल्या "फ्रॉम" या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीपासून पुढच्या तशाच ओळीपर्यंतचा मजकूर मी वेगळ्या फाइलमध्ये घेतला, ०००९ च्या जागी ०००१ केले आणि ती फाइल लोकल फोल्डर्सच्या जागेत ठेवली. थंडरबर्ड उघडल्यावर डावीकडे त्या नावाचे नवे फोल्डर दिसू लागले आणि त्यात तो एकच मेल, जोडलेल्या ड्रॉइंगसह. बैठकीत मॅनेजरसाहेबांनी तो पडद्यावर दाखवला, मार्गातील प्रत्येक सर्व्हरने नोंदवलेल्या वेळांसकट; पुढची चर्चा लॉट कोणी बदलून द्यायचा यावर नव्हे, तर मशिनिंगचा खर्च कसा वाटून घ्यायचा यावर झाली.

संध्याकाळी उरलेली कामे केली. प्रोफाइलचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळले आणि थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये येणारा प्रत्येक मेल आधी स्वतंत्र फाइलमध्ये उतरवण्याची सोय चालू केली, म्हणजे अँटिव्हायरसला उचलायचेच असेल तर त्याने तो एक मेल उचलावा. ही सोय मुळात याच कारणासाठी आहे, पण ती आपणहून चालू नसते. जुने मेल वर्षवार आर्काइव्हमध्ये हलवले आणि थंडरबर्ड बंद असताना संपूर्ण प्रोफाइलची प्रत रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जाईल असे लावून दिले.

कॉम्पॅक्ट मात्र त्या दिवशी केले नाही. पुढच्या फेरीत, प्रत उघडून तपासल्यावर, मी काकांना त्या प्रश्नाला हो म्हणायला सांगितले. त्यांनी आधी ती डिस्क कुठल्या कपाटात ठेवली आहे ते विचारून घेतले आणि मग बटण दाबले.