गाई-बैलांची औषधपेटी भरताना : माझा अनुभव

कोठ्यातली औषधपेटी असते ती डॉक्टर येईपर्यंतच्या वेळेसाठी. १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला तरी फिरत्या पथकाला नागपूर जिल्ह्यातल्या कुही-भिवापूरकडच्या आतल्या गावात पोचायला वेळ लागतोच. तेवढ्यात रक्त थांबवायचं, जखम स्वच्छ ठेवायची, ताप मोजायचा आणि फुगलेलं पोट सांभाळायचं. मी पेटी एवढ्यापुरतीच भरली.

सुरुवात थर्मामीटरपासून. पाऱ्याचा घेऊ नका. त्याची पट्टी १०८ फॅरनहाइटला, म्हणजे ४२ सेल्सियसला संपते. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या कोठ्यात हवाच त्याच्या वर जाते आणि नळी तडकते. डिजिटल घ्या, त्याला हातभर दोरी आणि दोरीच्या टोकाला कपड्याचा चिमटा बांधा. थर्मामीटर गुदद्वारात सरकवला की चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा, म्हणजे शेणासोबत खाली पडला तरी तुडवला जात नाही. टोक आतल्या भिंतीला टेकवा. शेणात रुतलं तर आकडा कमी दाखवतं. निरोगी मोठ्या गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. उन्हातून आलेलं जनावर आधी सावलीत निवू द्या, मग मोजा.

जखमेसाठी ५०० ग्रॅमचा कापूस, ४ आणि ६ इंची गॉजपट्ट्या, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, हातमोजे, ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनची बाटली आणि सुई नसलेली २० मिलीची सिरिंज. रक्त वाहत असेल तर धुणं नंतर. गॉजची जाड घडी दहा मिनिटं सलग दाबून धरा. मधेच उचलून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवा. रक्त थांबलेलं असेल, म्हणजे पऱ्हाटीचा खुंट किंवा काटेरी तार लागलेली नेहमीची जखम, तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून सिरिंजने धार मारत धुवा. घाण आत राहिली तर वरून लावलेलं आयोडीन वाया जातं. कापूस थेट जखमेवर नको, त्याचे तंतू चिकटतात. राख आणि गाडीचं जळकं ऑइल तर मुळीच नको. पोटॅशचे (पोटॅशियम परमँगनेटचे) खडे वापरत असाल तर ते पुरते विरघळले पाहिजेत आणि पाणी फिकट गुलाबीच हवं. गडद जांभळं पाणी मांस जाळतं.

पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात. टर्पेंटाईन तेलात भिजवलेला गॉज १०-१५ मिनिटं आत ठेवला की त्या वर येतात, मग चिमट्याने वेचायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं, कारण खोलवरच्या पहिल्यांदा निघत नाहीत. कडेने करंजाचं तेल लावलं की माशा कमी बसतात.

जुवाने सुजलेल्या खांद्याला मॅग्नेशियम सल्फेट ग्लिसरीनमध्ये कालवून लावतो, पण कातडी फाटलेली नसेल तरच. सूज पुरती उतरेपर्यंत बैल जुंपायचा नाही. पोळ्याआधीच्या खांदेमळणीला प्रत्येक खांद्यावरून हात फिरतोच, गाठ तेव्हाच कळते. औषधांच्या तारखाही मी त्याच दिवशी तपासतो.

सगळ्यात जपून करायचं काम पोटफुगीचं. ओला लसूणघास जास्त खाल्ला की पोटात फेस होतो आणि वायू त्यातच अडकतो. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) वर येते. तेलाने हा फेस मोडतो. मोठ्या जनावराला ३०० ते ५०० मिली फल्लीचं (शेंगदाण्याचं) किंवा जवसाचं तेल, आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तरच त्यात ३० मिली टर्पेंटाईन. दोन्ही गोष्टी रंगाच्या दुकानातून आणू नका. तिथलं ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल पोटात घालण्याजोगं नसतं आणि टर्पेंटाईन बहुधा पेट्रोलियमचं थिनर असतं. लांब मानेची प्लास्टिकची बाटली गालाच्या फटीतून घाला. तोंड डोळ्याच्या पातळीपेक्षा वर उचलू नका, जीभ धरू नका, ढास लागली की थांबा. श्वासनलिकेत गेलेलं तेल फुप्फुसात उतरतं, आणि फुगीतून वाचलेलं जनावर न्यूमोनियाने जातं. आडव्या पडलेल्या जनावराला काहीच पाजू नये.

फुगलेलं जनावर मान ताणून सतत लाळ गाळत असेल तर घशात काहीतरी अडकलेलं असू शकतं. काटोल-कळमेश्वरकडे बागेतलं आख्खं संत्रं, इतरत्र बटाटा किंवा आंब्याची कोय. अशा वेळी तेल पाजणं घातक. पुढचे पाय उंचावर घेऊन उभं ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. नागपूर शहराजवळ असाल तर गाडीत घालून सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येतं.

इंजेक्शनं आणि प्रतिजैविकं मी ठेवत नाही. माणसांचं डायक्लोफेनॅक तर जनावराला टोचायचंच नाही. ते टोचलेलं जनावर मेल्यावर खाणारी गिधाडं त्यामुळे मरतात, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामकांवरही जनावरांसाठी २०२३ पासून बंदी आहे.

पेटी टिनाखाली न ठेवता घरात, भिंतीतल्या कपाटात ठेवा. बाटली उघडली की तारीख लिहा. सोबत बॅटरी आणि तीसेक फूट सुती दोर असू द्या. झाकणाच्या आत कागद चिकटवून त्यावर फोनवर सांगायच्या गोष्टी लिहिल्या आहेत : ताप किती, कधीपासून, रवंथ करते का, शेण-लघवी केव्हा झाली, गाभण असेल तर कितवा महिना, आणि आपण आतापर्यंत काय पाजलं.