दाढीचं पाणी

सोमवारी आमच्या सोलापुरात सलूनं बंद असतात. मे महिन्यातल्या त्या सोमवारी सकाळी सात वाजता मी अर्धं शटर वर केलं, ते एकाच गिऱ्हाइकासाठी. संध्याकाळी गोरज मुहूर्तावर त्यांच्या मुलीचं लग्न होतं. आधी अण्णांकडे, अण्णा थकल्यावर माझ्याकडे, एक दिवसाआड दाढीला येणारा हा माणूस. मी त्यांना काका म्हणतो.

काका खुर्चीत बसलेच नाहीत, बाकड्यावर टेकले. "मिशी तेवढी नीट कर बाबा. दाढी राहू दे."

"वधूपिता तुम्ही. खुंट वाढवून कन्यादानाला बसणार काय?"

काही न बोलता त्यांनी मान मागे टाकली. घाटीच्या दोन्ही बाजूंना बारीक लाल पुरळ, उजव्या जबड्याखाली बोटभर कातडी सोलवटून खपली धरलेली. शुक्रवारची दाढी मीच केली होती.

काकांची कातडी पहिल्यापासून नाजूक. कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि खुंट मात्र तारेसारखे. अण्णांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, ह्यांच्या गळ्यावर हाताचा जोर चालत नाही, काम फेसाकडून करून घ्यायचं. इतकी वर्षं कधी तक्रार आली नव्हती. पण त्या आठवड्यात एकटे काकाच नव्हते. बुधवारपासून तिघा-चौघांनी 'आग होतेय रे' म्हणून सांगितलं होतं. मी ब्लेडची कंपनी बदलली. क्रीमची नवी ट्यूब फोडली. हाताखालच्या भाच्यावर ओरडलो, की तू ब्रश नीट धूत नाहीस. पोरगं रडवेलं झालं होतं, आणि त्याची चूक तर काहीच नव्हती. फेस चढत नव्हता हे मला दिसत होतं, पण मी ते उन्हावर ढकललं. बेचाळीस डिग्री, डोक्यावर पंखा, फेस वाळणारच. म्हणून क्रीम जास्त घ्यायला लागलो, फेस वाळायच्या आत उरकावं म्हणून हातही भरभर चालवायला लागलो. दुखण्यावर दुखणं.

"थांबा, करून दाखवतो," म्हणून मी वाटीत क्रीम घेतली, किटलीतलं गरम पाणी घातलं आणि ब्रश फिरवला. मोठमोठे बुडबुडे आले, अर्ध्या मिनिटात बसलेही. वाटीच्या कडेला पांढरट, चिकट साय राहिली.

काकांनी वाटी मागून घेतली. ती साय अंगठा आणि बोटात चोळली, उजेडात धरली. "हा फेस न्हवं रे. कीट आहे. पाणी बदललंस काय?"

काका गिरणीत रंगखात्यात होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण बोटांना सवय होती. पाणी जड असलं की साबण फुटतो, रंग डाग धरतो, सुताचा अख्खा घाणा वाया जातो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी मात्र ह्या वाटीत पंचवीस वर्षं ब्रश फिरवतोय आणि पाण्याकडे कधी पाहिलं नाही.

पाणी बदललं होतं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, उन्हाळ्यात तेही करंगळीएवढं. मालकांनी आठवड्यापूर्वी वरच्या टाकीला बोअरचं पाणी जोडलं होतं आणि मी त्यांना दुवा दिला होता, आता पाण्याची चिंता मिटली म्हणून. किटलीचं झाकण उघडून पाहिलं तर आत तळाला चुन्यासारखा पांढरा थर. आरशावर उडालेले थेंब वाळून पांढरे ठिपके झालेले, तेही रोज पुसत होतो. आमच्याकडचा खडक काळा, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. साबण आधी त्यांच्याशी बांधला जातो, त्याचं कीट होतं, आणि त्यांतून उरेल तेवढ्याच साबणाचा फेस. उकळल्यावर थोडा चुना किटलीला बसतो, पण सगळा नाही. ते कीट गालावर घासायचं, वर कोरडं पडलेलं ब्लेड ओढायचं. आग होईल नाहीतर काय?

आणि कोपऱ्यात वीस लिटरचा जार उभा. क्षार काढलेलं फिल्टरचं पाणी. गिऱ्हाइकाला प्यायला ते, आणि तोंडाला लावायला बोअरचं!

किटली धुऊन जारच्या पाण्याने भरली. उकळी येऊ दिली नाही. हाताच्या मनगटावर घेऊन पाहिलं, तान्ह्या पोराच्या आंघोळीला असतं तेवढं कोमट. त्यात ब्रश दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवला, कारण कोरडा ब्रश फेसातलं पाणी स्वतःच पितो. तोवर टॉवेल त्याच पाण्यात पिळून काकांच्या जबड्यावर धरला. टॉवेल आमच्याच गावचा. ह्या उन्हात गरम टॉवेल कशाला, असं पुष्कळजण म्हणतात. पण केस पाणी प्यायला की मऊ होतो, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतातच. हा वेळ कुणाला नको असतो, मलाही शनिवार-रविवारी नको असतो.

ब्रश एकदाच झटकला. बदामाएवढी क्रीम, मेंथॉल नसलेली. थंडगार वाटणारी क्रीम सोललेल्या कातडीला झोंबते. लहान वाटी मोठ्या वाटीतल्या गरम पाण्यात ठेवली, म्हणजे फेस शेवटपर्यंत उबदार राहतो. मग ब्रश गोल फिरवायचा आणि पाणी बोटाने थेंब-थेंब सोडायचं. पहिल्यांदा घट्ट लेप होतो. बरेचजण इथेच थांबतात, दाट दिसतो म्हणून. मी थांबलो नाही. चार थेंब, फिरवणं, परत चार थेंब. बुडबुडे बारीक होत गेले, मग दिसेनासेच झाले. ब्रशचा आवाज बदलला, आधी फसफस होती ती चुपचूप झाली. वर चकाकी आली. ब्रश उचलला तर टोक उभं राहिलं आणि शेंडा हळूच वाकला. आठवडाभर हे पाहिलंच नव्हतं मी.

"आता बस खुर्चीत," असं काका स्वतःलाच म्हणाले आणि येऊन बसले.

गळ्यावर ब्रश दाबला नाही, नुसता फिरवला, खुंट उभे राहतील एवढाच. खपलीच्या जागी बोटानेच फेस ठेवला आणि तिथे ब्लेड लावलंच नाही. नवं ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात घातलं. अण्णांच्या काळी पट्ट्यावर घासायचा एकच वस्तरा असायचा, एड्सची भीती आली तसं हे अर्ध्या पात्याचं सुरू झालं. पहिला हात सुलटा. काकांच्या गळ्यावरचे केस डावीकडे वरून खाली आणि उजवीकडे आडवे वाढतात, तसतसा हात फिरवला. पंखा बंद केला होता, माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. दुसऱ्यांदा पूर्ण नवा फेस लावून आडवा हात, तोही फक्त गालांना. उलटा हात नाही. गळ्यावर बोट फिरवलं तर किंचित खरखर लागत होती. लागू दे. लग्नात कोण हात लावून बघतंय!

तुरटीकडे सवयीने हात गेला होता, तो मागे घेतला. जारचं गार पाणी, टॉवेल नुसता टेकवला, चोळला नाही.

काका बराच वेळ आरशात बघत बसले. "आग न्हाई," एवढंच म्हणाले. पैसे मी घेतले नाहीत, शुक्रवारचे परत द्यायला निघालो तर रागावले.

रात्री लेकीला हे सांगत होतो. आठवीत आहे ती. विज्ञानाच्या पुस्तकातनं मान वर न करता म्हणाली, "पप्पा, त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. ज्यात फेस होत नाही ते." शाळेत हा शब्द मीही घोकला असणार. पाच मार्कांना.

भाच्याला मंगळवारी सकाळी चहा पाजला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मी म्हणत होतो की, हात धुतानाही साबण निघत न्हाई म्हणून." म्हणालाही असेल.

जारवाल्याला आता एक दिवसाआड एक जार जादा सांगितलाय.

"गिऱ्हाईक वाढलं काय?"

"दाढीला लागतो," म्हटलं.

थट्टा वाटली त्याला. हसत हसत जार उतरवून गेला.