पाय मुरगळला

रात्रीचे साडेअकरा. झोप नाही.

मुलाच्या स्पीच थेरपीच्या बाई गप्पा मारता मारता म्हणाल्या, "काल ना, माझा पाय मुरगळला." आणि गप्प बसल्या. मला कळत होतं, हा गळ टाकलाय. कसा, कुठे, दुखतंय का, हे तो आपणहून विचारतोय का ते बघायचं होतं. तो पंख्याकडे बघत होता. चार सेकंद गेले, पाच गेले. आणि मीच बोलून बसले, "अगं बाई! कसा काय?"

बाई हसल्या. कागदावर काहीतरी लिहिलं. बहुतेक माझ्याबद्दलच.

नऊ वर्षं त्याची वाक्यं मीच पुरी करतेय. वाण्याकडे, आजीशी, वॉचमनकाकांशी. म्हणूनच घरच्या फॉर्मवर अडचणींच्या प्रश्नापुढे मी "कधीकधी" लिहिते आणि त्याच प्रश्नापुढे वर्गशिक्षिका "नेहमी". मधल्या सुट्टीत तो नळापाशी एकटा उभा असतो, असंही त्यांनी लिहिलंय. ते पान ह्यांना अजून दाखवलेलं नाही.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठीची आयएसएए, म्हणजे ऑटिझम किती आहे ते मोजणारी चाचणी, मागेच झाली. चाळीस मुद्दे, प्रत्येकी 1 ते 5. म्हणजे काहीच नसलं तरी 40 मिळतातच. आमच्या वेळी पस्तिसात पास व्हायचे. 70 ते 106 म्हणजे सौम्य ऑटिझम. त्याला 94. पोराला मार्क जास्त पडले म्हणून मी रडले, अशी ही एकच परीक्षा.

आज मात्र जिना उतरताना मधेच थांबून म्हणतो, "पाय मुरगळला तर त्या टाचांच्या चपला घालून टकटक कशा आल्या?"

म्हणजे ऐकलं होतं. पडताळूनही पाहिलं होतं. थाप वाटली, म्हणून विचारलं नाही! याचे मार्क कुठल्या रकान्यात भरायचे? डेमियन मिल्टन हा ब्रिटिश संशोधक, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, त्यानं 2012 साली मांडलं होतं की ऑटिस्टिक माणसं आणि बाकीचे यांच्यातलं हे न समजणं दोन्हीकडून असतं. तेव्हा वाचून नुसती मान हलवली होती. आज जिन्यात हसू आवरेना, तर हा विचारतो, "काय झालं?"

विचारलं की!

तरी ते माझं "अगं बाई" काही कानातून जात नाही. पाच सेकंदांपुढे दम धरवला नाही मला. सहाव्या सेकंदाला काय झालं असतं कोण जाणे.

पुढच्या गुरुवारी मी बाहेर बसायचंय. बाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं. बाहेर एक लाकडी बाक आहे, तिथे. त्याची वॉटरबॅग सांभाळत.