दम आधी तयार होतो, नडगी नंतर: पहिल्या हाफ मॅरेथॉनची रोजनिशी

कोजागिरीच्या आसपास

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून मागे 16 आठवडे मोजले की ऑक्टोबरचा पहिला आठवडा येतो. हळू का होईना, पण सलग अर्धा तास धावता येत असेल तर हाफला, म्हणजे 21.1 किलोमीटरला, हे 16 आठवडे पुरतात. तेवढंही जमत नसेल तर यंदा 10 किलोमीटर करावी आणि हाफ पुढच्या वर्षी. त्यात कमीपणा कसला?

रविवारचं लांब धावणं असं वाढवायचं: 8, 9, 10 आणि मग परत 8. पुढे 11, 12, 13, मग 10. त्यानंतर 14, 15, 16, मग 12. शेवटी 18, 14, 10 आणि शर्यत. मंगळवारी, गुरुवारी पाच-पाच किलोमीटर, शनिवारी जेमतेम 3, तेही सैल अंगाने. दर चौथ्या आठवड्यातली ही माघार नवख्यांना खुपते. अंग हलकं वाटत असताना कमी का धावायचं, असा प्रश्न येतोच. दम महिना-दीड महिन्यात सुधारतो. कंडरा (स्नायू हाडांना बांधणारे पट्टे) आणि हाडं मात्र महिनोन्‌महिने घेतात. ताण पडला की हाड आधी जुना भाग झिजवतं आणि मग नवा भरतं. मधल्या काळात ते थोडं कच्चंच असतं. छाती म्हणते चल, नडगी म्हणते थांब. नवख्यांची बहुतेक दुखणी या दोन वेळापत्रकांच्या फरकातून येतात.

म्हणून सध्या वेगाचं नाव काढायचं नाही. धावताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘नाही’, ‘चल’ एवढंच तोंडातून निघत असेल तर वेग जास्त झाला. बहुतेक नवख्यांसाठी हा सैल वेग किलोमीटरला साडेसात ते साडेआठ मिनिटं असतो, काहींचा नऊही. चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं ही पद्धतही उत्तम. ती लोकांपर्यंत नेणारे जेफ गॅलोवे 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावले होते, तेव्हा चालण्याची लाज वाटायचं कारण नाही. फक्त दमल्यावर चालायचं नाही, पहिल्या चार मिनिटांनंतरच चालायचं. नाहीतर त्या पद्धतीचा उपयोग उरत नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते. घड्याळातला आकडा बघून खट्टू होऊ नये. किलोमीटरला अर्धं मिनिट सोडून द्यावं.

चाळिशी उलटलेली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झालेला असेल, तर पहिल्या आठवड्याच्या आधी डॉक्टर.

दिवाळी

फराळाला मी घाबरत नाही. चार चकल्यांनी हाफ बुडत नाही, जागरणाने बुडते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हवेत फटाक्यांचा धूर साचलेला असतो. त्या दिवशी सुट्टी घ्यावी किंवा जिन्याचे, पोटऱ्यांचे व्यायाम घरात करावेत.

सेल लागलेले असतात, बूट याच आठवड्यात घेतले जातात. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावताना घालायचे तेच मोजे घालून बघावेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर नख पुढे आपटतं आणि काळं पडतं. टाच मागे सटकत असेल तर मोठा बूट परत करण्याआधी वरच्या, सहसा रिकाम्या राहणाऱ्या शेवटच्या भोकात नाडी घालून छोटा फास करावा आणि दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवावी. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. शर्यतीसाठी वेगळा भारी जोड हवा हा दुकानदाराचा आग्रह मात्र हसून सोडावा.

पहाटे अंधार असतो. चमकणारी पट्टी लावावी आणि वाहनं समोरून येताना दिसतील अशा कडेने धावावं. कुत्री मागे लागली तर पळायचं थांबवून चालायला लागावं; पळणाऱ्याचा पाठलाग होतो.

नोव्हेंबर, सातवा आठवडा

ज्याची वाट बघत होतो ते याच सुमारास येतं. नडगीच्या आतल्या कडेला दुखतं, धावायला लागल्यावर कमी होतं, संध्याकाळी परत ठणकतं. दुखणं चार-पाच बोटांच्या पट्ट्यात पसरलेलं असेल तर ती ओव्हरलोडची तक्रार. धावणं निम्म्यावर आणावं, रस्त्याऐवजी मातीचं मैदान धरावं. बहुधा दोन-तीन आठवड्यांत सुटते. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल, तर धावणं त्याच क्षणी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. हाडाची बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ म्हणून परत धावू नये.

दुसरी तक्रार गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची. ही ठरावीक अंतरावर सुरू होते, समजा सहाव्या किलोमीटरला, आणि उतारावर वाढते. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच आणि कडेला उतरते असतात. रोज एकाच कडेने धावलं की एक पाय कायम खाली पडतो. रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर किंवा मैदानात दिशा बदलत धावावं.

दोन्हींच्या मुळाशी बरेचदा लांब टाकलेलं पाऊल असतं. पाय शरीराच्या पुढे टाचेवर आपटतो आणि धक्का गुडघ्यात जातो. तीस सेकंद उजव्या पायाची पावलं मोजावीत आणि चारने गुणावं, मिनिटाची पावलं मिळतात. 150 आलं तर 160 करायचा प्रयत्न करावा, वेग तोच ठेवून. 180च्या आकड्यामागे लागण्यात अर्थ नाही; स्वतःच्या आकड्याच्या पाच-दहा टक्के वर गेलं तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पायांसाठी द्यावीत. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच वर-खाली, 12 ते 15 वेळा, तीन फेऱ्या. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीतले दोन स्नायू वेगवेगळे काम करतात. मग एका पायावर उभं राहून पायरीवरून दुसरी टाच हळू खाली टेकवणं. गुडघा आत वळत असेल तर कुल्ल्याचे स्नायू कच्चे आहेत, हे आरशात लगेच दिसतं. नव्वद टक्के लोक हा व्यायाम टाळतात असं मी म्हणेन, मोजलेलं नाही.

दुखणं दाबायला गोळी घेऊन धावू नये. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडाला जड जातात. ताप असेल तर अजिबात धावू नये. विषाणूचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेला असू शकतो.

डिसेंबर

आता 14, 15, 16. दीड तासाच्या पुढे पोट आणि पाणी यांचा हिशेब सुरू होतो.

पाण्याचा नियम घरच्या वजनकाट्यावर ठरवता येतो. धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करायचं. एक किलो घटलं म्हणजे वाटेत प्यायलेल्या पाण्यापेक्षा सुमारे एक लिटर घाम जास्त गेला. सगळा भरून काढायची गरज नाही. वजन वाढलेलं आढळलं तर जास्त प्यालात, आणि ते तहानेपेक्षा धोकादायक असतं, कारण रक्तातलं सोडियम पातळ होतं. तहान लागेल तसं प्यावं, लिंबू-मीठ-साखरेचं चालेल. घरगुती प्रमाण: एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

खाण्याचं गणित ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात सुमारे 25 ग्रॅम, बहुतेक जेलच्या (धावताना चोखायच्या घट्ट साखरपाकाच्या) पाकिटात 20 ते 25, मऊ छोट्या पाच खजुरांत 25च्या आसपास. चिक्की कोरडी असते आणि धापा टाकताना घशात अडकते. पहिला घास चाळीस मिनिटांनी. भूक लागल्यावर नाही, तोपर्यंत उशीर झालेला असतो. जेल साध्या पाण्याबरोबरच घ्यावं, गोड पेयाबरोबर घेतलं तर पोट ढवळतं. शर्यतीत जे खायचं ते डिसेंबरमध्येच खाऊन बघावं.

मांड्या, काखा, पुरुषांची स्तनाग्रं: सगळीकडे पेट्रोलियम जेली. हा सल्ला विसरणाऱ्याला आंघोळीला शिरल्यावर तो आठवतो.

नाताळचा आठवडा

18 किलोमीटर. 21 सरावात धावायचे नाहीत. अडीच-पावणेतीन तासांपुढे सराव नवख्याला फार काही देत नाही, थकवा मात्र आठवडाभर ठेवतो. तेच कपडे, तेच बूट, तोच नाश्ता, आणि सुरुवात पहाटे.

वेगाचा अंदाज काढायचा असेल तर 10 किलोमीटरचा वेळ 2.2ने गुणावा. 70 मिनिटांचे साधारण 154 होतात, म्हणजे 2 तास 34 मिनिटं. पहिल्या वेळी त्यावर पाच मिनिटं जोडावीत. किलोमीटरला साडेसात मिनिटं धरली तर 2 तास 38 मिनिटं. घड्याळ मात्र 21.3 किलोमीटर दाखवेल: मार्ग सर्वांत आखूड रेषेने मोजतात, आपण गर्दीतून वळत-वळत जातो.

संक्रांत

आठवडा शर्यतीचा. मंगळवारी 4, गुरुवारी 3, संपलं. या दिवसांत जुनी दुखणी उगाच आठवतात, गुडघा अचानक बोलायला लागतो. बहुतेक वेळा त्यात काही नसतं. तिळगूळ खुशाल खावा. शनिवारी उसळ, मिसळ, सॅलड नको. भात-वरण, बटाटा, मऊ पोळी. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, आधीच घेऊन ठेवावा आणि तिथे स्टॉलवर तीन तास उभं राहू नये.

हाफ माहीमहून सुटते ती पहाटे, सूर्योदय सव्वासातच्या सुमारास. त्यामुळे नाश्ता मध्यरात्रीनंतरच, सुटण्याच्या दोन तास आधी: ब्रेड-जॅम, एक केळं. पहिले तीन किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा वीस सेकंद हळू. सी लिंकवर, जिथे एरवी पायी जाताच येत नाही, लोक फोटोसाठी आणि मग वेळ भरून काढण्यासाठी धावतात. तिथे वारा असतो आणि टाळ्या वाजवणारं कुणी नसतं, शांत राहावं. पेडर रोडचा चढ उत्तरार्धात येतो. तिथे पावलं आखूड, नजर दहा मीटरवर, वेग विसरून श्वासाचा जोर तोच. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, थंडी वाजून अंगावर काटा आला, तर थांबून मदत घ्यावी. बाकी सगळ्याला चालण्याची मुभा आहे.

सोमवार

शेवटच्या रेषेनंतर बसू नये. दहा मिनिटं चालत राहावं आणि अर्ध्या तासात काही खावं. आज जिना उतरताना मांड्या ओरडतात, कठडा धरून आडवं उतरावं. नख काळं झालं असेल तर सुईने टोचू नये. चार-पाच दिवस फक्त चालणं, मग वीस मिनिटं सैल. वहीत बेरीज केली तर 16 आठवड्यांत चारशेच्या आसपास किलोमीटर होतात. बूट पाचशे ते आठशे चालतात, तेव्हा नवे इतक्यात घेऊ नयेत.