वैमानिकाची झोप

आज दुपारी भाचा जेवायला आला होता. वैमानिक आहे, रात्रीची ड्यूटी करून थेट इकडेच. वरणभात कालवता कालवता त्याचे डोळे मिटत होते. पोटात कालवाकालव झाली माझ्या.

मग विषय डीजीसीएवर गेला. वैमानिकांच्या संघटना या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकावर एवढ्या का चिडल्यात, ते आज नीट समजलं. जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या ड्यूटी-विश्रांतीचे त्याचे नवे नियम आले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, रात्रीच्या ड्यूटीत सहाऐवजी दोनच लँडिंग. त्याच वर्षी १ जूनपासून अंमल व्हायचा होता. विमान कंपन्यांनी हरकत घेतली, नियम लांबणीवर! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत ते लागू झाले. आणि डिसेंबरमध्ये नव्या नियमांप्रमाणे वैमानिक कमी पडून इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द होताच डीजीसीएकडून त्याच कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट.

प्रवाशांचे अतोनात हाल झाले, मान्य. वैमानिक एका रात्रीत तयार होत नाहीत, हेही खरं. पण म्हणूनच तर एवढी मुदत मिळाली होती ना? पुरेसे वैमानिक आहेत की नाहीत, हे नोव्हेंबरच्या आधी तपासायचं काम कुणाचं होतं?

कंपन्यांनी दर तिमाहीला वैमानिकांच्या थकव्याचा अहवाल डीजीसीएला द्यायचा, असंही याच नियमांत आहे. ते अहवाल लोकांसमोर ठेवा. त्या विमानांत आपली माणसं बसतात.